जावयाचा अ‍ॅक्सोलॉटल उपाशी

एका गावात एक भोळा मामा राहायचा. नाव सर्जेराव. अंगानं पैलवान, पाठीवर ज्वारीचं पोतं टाकलं तरी त्याला कळायचं नाही. डोक्याचं मात्र विचारू नका. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा.

त्याची थोरली बहीण हौसाक्का. अधिक महिना लागला तसं तिनं लेकीला, रेशमाला, आणि नव्या जावयाला धोंडे खायला बोलावलं. पुरण भरलेले धोंडे, वरून तुपाची धार. या महिन्यात जावई धोंडा न खाता उठला, तर गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून वर्षभर हसतात. हौसाक्काला ते पक्कं ठाऊक होतं. आजवर तीच हसत आली होती.

जावई आला. किडकिडीत, फुंकर मारली तर उडेल असा. सगळ्या पिशव्या बायकोच्या हातात. याच्या हातात काचेची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात एक गुलाबी जनावर. पालीसारखे चार पाय, मानेला तांबडी पिसं फुटल्यासारखी, आणि तोंड असं की आत्ताच कुणाची तरी चेष्टा करून आलंय.

"हा माझा अ‍ॅक्सोलॉटल," जावई म्हणाला. "खाण्याच्या बाबतीत फार नखरे याचे. कालपासून कशाला तोंड लावलं नाही. हा जेवल्याशिवाय मी जेवणार नाही."

हौसाक्काचे हात पुरणात. दुसरं कोण आहे घरात? मारली भावाला हाक. तिथंच चुकली बाई.

"सर्जा, याला एक गांडूळ दे."

सर्जेरावानं उकिरड्यातून गांडूळ काढलं, धुतलं, वाटीत घातलं. त्या जनावराचं नाव काही जिभेवर बसेना, म्हणून त्याला राजे म्हटलं. वाटी पेटीशेजारी मांडली आणि हात जोडून बसला. "घ्या, राजे."

राजे काचेतून बघत राहिले. गांडूळ वाटीतून उतरून मोरीकडं निघून गेलं.

"मुडद्या!" हौसाक्का कडाडली. "ते पाण्यातनं उठून वाटीकडं येणाराय का? जेवणारा असंल तिथं नेऊन द्यावं!"

"बरं आक्का. आता ध्यानात ठेवतो."

ठेवलं ध्यानात. थोड्या वेळानं रेशमा म्हणाली, "मामा, ह्यांना तेवढा चहा द्या." जावई न्हाणीघरात, अंगभर साबण. सर्जेरावानं दाराला खांदा लावला. कडी तुटली. कपबशी पुढं करून म्हणाला, "घ्या जावईबापू, निवंल."

जावयाची किंकाळी वेशीपर्यंत गेली. हौसाक्का लाटणं घेऊन धावली. "अरे, आधी बाहेर येऊ दे माणसाला! अंग पुसून पाटावर बसू दे, मग दे काय द्यायचं ते!"

"बरं आक्का. आता ध्यानात ठेवतो."

आणि गेला पेटीकडं. राजांना बाहेर काढलं. पंच्यानं टिपलं. पाटावर बसवलं, पाटाभोवती रांगोळी घातली. कपाळ कुठलं ते शोधून गंध लावणार, तेवढ्यात जावई आला.

"मामा! मरंल तो!"

जावयानं राजांना झटकन पाण्यात सोडलं. डोळ्यांत पाणी आलं पोराच्या. तरी रागावला नाही, तेवढा चांगला होता. म्हणाला, "मामा, नीट ऐका. बाहेर काढला की हा तोंड मिटतो. खात नसला की समजायचं, उकडतंय त्याला. गार पाण्यात सोडायचं. घास चिमट्यात धरून तोंडासमोर हलवायचा. तोंड उघडलं की आत. मान फिरवली तरी आपण धीर सोडायचा नाही."

सर्जेरावानं तसंच केलं. रांजणातलं गार पाणी घातलं. चिमट्यात गांडूळ धरलं, हलवलं. राजांनी मान फिरवली. याचा हात हलतोच आहे. शेवटी गपकन! गांडूळ गायब.

घरभर आनंद. हौसाक्का म्हणाली, "शाबास रे सर्जा! आता कधी विसरू नकोस हे."

"नाही विसरायचो आक्का."

पाट मांडला. जावई नवा कोरा सदरा घालून बसला. ताटात वाफाळते धोंडे. गल्लीतल्या बाया दारात दाटीनं उभ्या. जावयानं ताटाकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"मला गोड नाही चालत हो. नको."

"एक घास, जावईबापू. माझी शपथ."

"नको, आई."

"अहो, माझ्यासाठी तरी," रेशमा म्हणाली.

जावयानं मान फिरवली. रेशमाचे डोळे भरले. दारातल्या बायांचे पदर तोंडाकडं निघाले. हौसाक्काचा चेहरा राखेसारखा झाला.

सर्जेराव बघत होता. खात नाही. मान फिरवली. कपाळावर घाम. उकडतंय त्यांना!

त्यानं चिमटा कमरेला खोचला, जावयाला काखेत मारलं, दुसऱ्या हातात ताट धरलं, आणि परसात जाऊन म्हशीच्या हौदात जावयाला अलगद सोडलं. म्हैस बाजूला सरकली.

"अहो मामा, हे काय कर—"

तोंड उघडलं. चिमटा तयार. धोंडा आत.

जावई गिळून ओरडायला गेला. दुसरा आत.

हौसाक्का बोंबलत आली, "अरे मेल्या, काढ त्यांना भाईर!"

"नको आक्का," सर्जेराव तिसरा धोंडा जावयासमोर हलवत म्हणाला. "आत्ता कुठं खायला लागलेत. बाहेर काढलं की तोंड मिटतील. तू आपली परात घेऊन ये. आणि रात्रीचं पान पण इथंच वाढ."