पंतांची खडीसाखर

“पण माई, माझ्याच बरणीत खडा का धरत नाही?”

गदाधरपंतांनी काचेची बरणी माईंच्या पुढ्यात ठेवली. आदळायची तेवढी बाकी ठेवली होती.

बरणीत साखरेचा पाक होता. दाट, नितळ, आरपार दिसणारा. नुसताच पाक.

गिरणेकाठच्या या मठाची रीत अशी, की ज्याला मंत्र हवा त्याने आपल्या हाताने खडीसाखर करायची. पाकात सुताचा दोरा सोडायचा, बरणी कोपऱ्यात ठेवायची आणि वाट बघायची. उत्सवाच्या दिवशी माई त्यातला एक खडा शिष्याच्या जिभेवर ठेवत आणि मग कानात मंत्र देत. खडा नाही, तर मंत्रही नाही.

उत्सव आठवड्यावर आला होता.

माई चाळिशीच्या. पंत साठीच्या पुढचे, आणि ते हे कोणाला विसरू देत नसत.

“त्या सगुणेला धड एक श्लोक म्हणता येत नाही,” पंत म्हणाले. “तिच्या दोऱ्यावर खडे धरले! तिच्या पाकात मुंगी पडली होती, माई. त्या मुंगीवरसुद्धा साखर धरली!”

“बघितली मी. छान दिसत होती.”

“मुंगीला मिळतं आणि मला नाही?”

“मुंगीने अजून मंत्र मागितलेला नाही.”

माईंनी बरणी उजेडात धरली. “दोरा कुठाय?”

“घातलाच नाही.”

“का?”

“सुताला कोणाकोणाचे हात लागलेले असतात!” पंतांनी उपरणं सारखं केलं. “पाक रेशमी वस्त्रातून गाळला. पुन्हा गाळला. वर घट्ट झाकण. खोलीत कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. मी स्वतः शिंकायला अंगणात जात होतो.”

“एवढं केलंत?”

“एक कणसुद्धा नाही त्यात.”

“नाहीच आहे,” माई म्हणाल्या. “मग साखर बिचारी बसणार कशावर?”

“तिने आपली आपण बसावं. शुद्ध आहे ती!”



माईंनी पदराच्या गाठीतून खडीसाखरेचा एक खडा काढला. कडकन चावला. अर्धा तोंडात गेला, अर्धा बोटांत राहिला. त्या अर्ध्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि बरणीचं झाकण उघडलं.

“माई, नका...”

टुप्.

तुकडा हळूहळू तळाशी गेला. पोटचं पोर विहिरीत पडावं तसे पंत बघत राहिले.

“उष्टं! माई, उष्टं टाकलंत!”

“हो.”

“आता सगळं ओतून द्यावं लागेल.”

“द्या की. पुढच्या वर्षी या.”

पंत बरणी घेऊन मोरीपर्यंत गेले. उभे राहिले... परत आले. बरणी कोपऱ्यात ठेवून तिच्याकडे पाठ करून बसले.

पाठ करून बसलेला माणूस घडोघडी मान वळवून मागे बघतो, ही बातमी सगुणेने संध्याकाळच्या आत मठभर केली.

उत्सवाच्या सकाळी त्या तुकड्याभोवती खड्यांचा गुच्छ धरला होता. धारदार कडांचा, लखलखीत, बोराएवढा.

“पंत, माझ्या खड्यांपेक्षा मोठा झाला की!” सगुणा म्हणाली.

पंतांना हसू आलं होतं, ते त्यांनी मिशीत दडवलं.

ते माईंसमोर बसले. माईंनी खडा चिमटीत धरला.

पंतांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

“उघडा.”

“माई...” पंत ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, “आतला तेवढा काढून बाहेरचा दिलात तर?”

“निघत नाही.”

“मग वरवरचं खरवडून?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माई हसल्या नाहीत.

“खड्याचं राहू द्या. मंत्र हवाय ना?”

“त्यासाठीच तर एवढी वर्षं आलो इथे.” पंतांचा आवाज एकदम बारीक झाला. “दुसरं काही नकोय मला.”

“तो मंत्र मला माझ्या गुरूंच्या तोंडून मिळाला. त्यांना त्यांच्या गुरूंच्या.”

माईंनी खडा त्यांच्या ओठांपाशी नेला.

“धुऊन देऊ?”