चिमूटभर परत

एका राज्यात दूध उदंड होतं आणि एक तान्ही पोर उपाशी होती.

ती पोर कुणा भिकाऱ्याची नव्हती, बरं का. राजा हिरण्यकेतूची एकुलती एक लेक. राणी चारुमती तिला छातीशी धरी, पोर घटाघटा पिई आणि पिऊन झालं की पुन्हा भुकेनं टाहो फोडी. राणीनंतर दाई, दाईनंतर कपिला गाय. दूध पोटात जाई, पण अंगी म्हणून लागत नसे. बरगड्या दिसू लागल्या. वैद्यांनी हात टेकले.

आणि राजा काय करत होता? राजा सोन्याचा पाळणा घडवत होता. गवळ्यांचं कुरण हिसकून लेकीच्या नावे करत होता. अशा बापाला काय म्हणावं? मी म्हटलं असतं, पण ऐकायला लेकरंबाळं बसली आहेत.

राणी म्हणाली, “महाराज, पाळणा सोन्याचा केलात. पोरीनं तो चाटायचा का?”

राजा म्हणाला, “कमी पडतं म्हणूनच आणतो आहे. आणखी आणू.”

हे ‘आणखी’ राणी लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. सात मजली महाल उठला, तर राजाला तो बुटका वाटला. राज्य समुद्राला भिडलं, तर समुद्राची अडचण वाटली. ताटात पंचपक्वान्नं आणि तोंड कायम कडू. भाट गात, ‘हिरण्यकेतूनं हे सारं मनगटाच्या जोरावर मिळवलं,’ आणि गाणं संपायच्या आत राजा पुढचं कडवं मागे. आपला नवरा, आपलं नशीब, म्हणून राणीनं सोसलं. पण आता त्या आणखीपायी पोर हातची जात होती. राणीच्या मस्तकात तिडीक गेली.

तेवढ्यात खिडकीतून एक टिटवी आली, पाळण्याच्या कडीवर बसली आणि बोलू लागली.

“राणी, ही भूक पोरीची नव्हे, बापाची आहे. एके काळी हा फाटका शेला पांघरून आमच्या तळ्यावर आला. शेला पसरून मागता झाला. तळ्याच्या जखिणीला दया आली. तिनं राज्य, खजिना आणि विजय घालून त्याची ओटी भरली. हा उठला आणि चालू लागला. चिमूटभर परत टाकली नाही. तेव्हा ती म्हणाली, तुझ्या घरात कुणाचंच भागणार नाही.”

त्या राज्यात रीतच होती. ओटी भरली की त्यातली चिमूटभर भरणारीच्या ताटात परत टाकायची आणि मगच उठायचं. देणारीचं ताट रितं राहू नये, एवढंच त्यात. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असे. राजानं आपल्या आईला ते करताना जन्मभर पाहिलं होतं.

राणीनं विचारलं, “महाराज, हे खरं?”

राजानं मान खाली घातली. “चिमटीत एखादा हिरा आला असता, राणी. हिरा कसा सोडायचा?”

“लेक सोडलीत ना,” राणी म्हणाली.

तिनं पोर उचलली आणि टिटवीच्या मागोमाग तळं गाठलं. जखीण पाण्यातून वर आली. तिचे केस शेवाळाचे होते आणि पावलं उलटी होती. राणीनं तिला नमस्कारसुद्धा केला नाही.

“घेतलं त्यानं. त्याला मारायचंस. या पोरीनं तुझं काय घेतलं?”

जखीण म्हणाली, “तुझा राग रास्त आहे. पण तोंडून गेलेला शाप आता माझ्याही हातात नाही. तीन चिमटी परत येऊ देत. अन्नाची, भूमीची आणि कीर्तीची. त्याच्याच हातून, ज्याची त्याला. दिवस मावळायच्या आत.”

राणी तशीच महालात परतली. राजा जेवत होता. लेक मरणपंथाला लागलेली आणि हा जेवत होता. तिनं वाढपिणीला समोर बसवलं आणि म्हणाली, “महाराज, तुमच्या पानातला चिमूटभर भात हिच्या पानात घाला.”

“कोठार देतो,” राजा म्हणाला.

“कोठार नको. पानातला.”

राजानं भात चिमटीत धरला, हात पुढे केला आणि बोटं मिटली ती उघडेनात. दोन पहिलवानांनी ओढली, तरी उघडली नाहीत. राणीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली. तिला आता रडायचंही त्राण नव्हतं. राजानं ते पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्याचा अंगठा सुटला. भात पडला. त्या क्षणी राजाच्या जिभेला मीठ कळलं.

मग राणीनं त्याला कुरणावर नेलं. म्हातारा गवळी उभा होता. राजानं चिमूटभर माती उचलून त्याच्या हातावर ठेवली. या वेळी बोटं उघडली.

गवळी म्हणाला, “कुरण नेलंत महाराज, आणि चिमटी देता?”

  तोच सीमेचे दगड उठले आणि आपापल्या जुन्या जागी चालत गेले. गवळ्यानं गाई आत सोडल्या.

उरली कीर्ती. सूर्य तळ्याला टेकू लागला होता. काठावर प्रजा जमली, भाट जमले, जखीण पाण्यात उभी राहिली. राणी म्हणाली, “सांगा, ‘हे मी मिळवलं नाही, हिनं दिलं.’”

राजा मागे सरला. “भात दिला, माती दिली. हे मागू नकोस. लोक काय म्हणतील?”

आता मात्र राणीचा बांध फुटला.

“लोक? तुमच्या नावाची गाणी ऐकून मला कधी झोप लागली नाही. तुम्हाला तरी लागली का? एवढं मिळवलंत, एक दिवस तरी सुखाचा घास गिळलात? वर ती भूक माझ्या पोरीच्या पोटात घातलीत. तुमची कीर्ती पाजून ही जगत असेल तर पाजा. नाहीतर बोला. आणि आज बोलला नाहीत, तर पुन्हा माझ्यापुढे उभे राहू नका.”

राजा गुडघे टेकून बसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी मिळवलं नाही. मी मागितलं, हिनं दिलं, आणि मी कृतघ्न निघालो.”

भाटांच्या तोंडून ते ‘मनगटाच्या जोरावर’चं कडवं चिमण्या होऊन बाहेर पडलं आणि भुर्रकन उडालं. जखीण पाण्यात उतरली ती पुन्हा दिसली नाही.

राणी तिथेच काठावर बसली. पदराआड पोर प्यायली. मग तिनं तोंड बाजूला केलं. राणीनं घाबरून पुन्हा पाजायला घेतलं, तर पोरीनं इवल्या मुठीनं तिला ढकलून दिलं. ओठाच्या कडेनं दूध ओघळलं. पोट टम्म झालं होतं, आणि पोर झोपली. तेव्हा राणी रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

राजानं जवळ येऊन हळूच विचारलं, “राणी, राग गेला?”

“नाही गेला,” राणी म्हणाली. “इतक्यात जायचाही नाही. चला, पोरीला घरी नेऊ. तुम्हालाही भूक लागली असेल.”

राजाला खरंच भूक लागली होती. त्या संध्याकाळी त्यानं भात खाल्ला, ताक प्यायला आणि पानावरून आपण होऊन उठला. त्या घरची भूक जशी निवली, तशी तुमची आमची निवो.