कड्याकडची दारं

शलाकाला पहिल्यांदा खटकली ती दारं. कड्याखालच्या त्या वाडीतल्या एकूणएक घराचं दार कड्याकडे उघडत होतं, आणि पाऊस येतो तोही तिकडूनच. उंबरे कुजून काळे पडलेले, दारापुढे गवताचे आडोसे बांधलेले. मागच्या भिंती मात्र कोरड्या ठणठणीत. इतक्या पिढ्या इथे राहून दार फिरवावं असं कुणालाच सुचलं नसेल? तिला उगाचच धास्ती वाटली. तशी ती वाटायला तिला फार काही लागत नसे.

तिच्या हातांत मडकं होतं. काही वर्षांपूर्वी तिच्या मॅडमनी, पुरातत्त्व शिकवणाऱ्या खांबेटे बाईंनी, ते कड्यातल्या एका कोनाड्यातून तपासणीसाठी नेलं होतं. आत कुणा बाईच्या अस्थी होत्या, फार फार जुन्या. तपासण्या झाल्या, लेख झाले, भांडणंही झाली; आता ते होतं तिथे परत ठेवायचं होतं. कोनाड्यांपर्यंतची वाट एका माणसापुरतीच. मॅडमचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते आणि सर्दीने आवाजही बसला होता. म्हणजे उरली शलाका.

"आणली का आमच्या आजीला?" समोरच्या दारातून भागाबाई म्हणाली. ती नाचणी पाखडत होती. हात थांबला नाही. "फिरवून फिरवून दमवली असंल बिचारीला. नेताना कुणी पुसलं नाही."

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, पण घशातून नुसती हवा आली.

"ऱ्हाऊ दे भागे. बसा तुम्ही," म्हणत धावजीबाबांनी ओट्यावर घोंगडी पसरली. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस ते. शलाकाने दारांचं विचारलं, तेव्हा त्यांनी कड्याकडे बोट केलं. मग आजवर सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला घेतली.

फार मागे, असं सांगतात, या वाडीतलं माणूस गेलं की त्याच्या अस्थी मडक्यात भरून कड्यातल्या कोनाड्यात ठेवत. खालची जमीन पेरायला, वरचा कडा निजायला. वाट अरुंद, म्हणून एकच जण वर जाई. मडकं ठेवलं की तो खाली हाक मारी, "ठेवलं, येऊ का?" खालून कुणीतरी ओ द्यायची, "ये, घरी ये." ओ आली की उतरायचं. वर गेलेल्याला, तू अजून आमच्यातलाच आहेस, हे कुणीतरी सांगावं लागतं, म्हणे.

मग एका साली साथ आली. घरागणिक मडकं झालं. नेणारे पुरुष थकले. काही स्वतःच मडक्यात गेले. तेव्हा हिरकी नावाची बाई उठली. तिने नवऱ्याला नेलं, सासूला नेलं, मग शेजारच्यांची मडकीही नेली, कारण तिला वाट पाठ झाली होती आणि कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. दर वेळी तिची हाक यायची, दर वेळी खालून ओ जायची. हळूहळू ओ देणारेही थकले. त्या काळी घरांची दारं पावसाकडे पाठ करून होती. शेवटचं मडकं ठेवून हिरकीने हाक मारली, तेव्हा घराघरात माणसं होती, आणि सगळ्यांनी ती ऐकली. भाकरी थापणारीला वाटलं, शेजारीण देईल. शेजारणीला वाटलं, ओट्यावरचा म्हातारा देईल. म्हाताऱ्याला वाटलं, एवढी माणसं आहेत, माझाच आवाज कशाला हवा. हिरकीने पुन्हा हाक मारली. त्यानंतर मारली नाही.

"सकाळी गेले, तर कडेच्या रिकाम्या कोनाड्यात बसलेली, अंग गार पडलेलं," धावजीबाबा म्हणाले. "पडली नव्हती, कुठं लागलं नव्हतं. पाठ टेकून बसली होती, एवढंच. ओ आली नाही, तर तिनं धरलं, आपण आता वरचे."

त्याच वर्षी वाडीने जुनी दारं बुजवली आणि कड्याच्या अंगाला नवी फोडली. घर पडलं, नवं बांधलं, तरी दार तिकडेच.

"मग मी हाक मारली की..." शलाकाने विचारलं.

"माझा आवाज आता अंगणाबाहेर जात नाही. अन् ह्या मडक्यावरनं वाडीचं मन दुखलंय. कोण देईल, कोण नाही, मी कसं सांगू?"

"कुणीच दिली नाही तर?"

"उतरता येतं की. पाय तुमचेच." ते म्हणाले. "पण तसं कुणी उतरलेलं मी ऐकलं नाही."

वाट तिला वाटली होती तेवढी वाईट नव्हती. मडकं तिने पदरात मूल बांधावं तसं ओढणीने छातीशी बांधलं होतं. पारवे फडफडले तेव्हा ती किंचाळली, आणि ते खाली ऐकू गेलं असेल म्हणून तिलाच लाज वाटली. मडकं जागेवर ठेवून तिने हात जोडले. पलीकडे तो कडेचा कोनाडा, रिकामा, तळ झिजून गुळगुळीत झालेला. 'हेतू अस्पष्ट,' असं मॅडमनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं. तिचे पाय भरून आले होते. ती त्याच कोनाड्यात जरा टेकली.

दगड गार होता. टेकताक्षणी सगळा शीण अंगातून खाली उतरला: ती मापं, त्या एसट्या, प्रत्येकाची समजूत काढत फिरणं. इथे कुणी काही विचारणार नव्हतं. हिरकी रागावली नसणार, हे तिला एकदम कळलं. ती नुसती टेकली असणार.

दचकून शलाका उठली. वाटेकडे वळली, तर पाऊल उचलेना. हे सगळं मनाचं आहे, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. गुडघ्यांनी ऐकलं नाही. पहिली हाक तिने वर्गात शंका विचारावी तशी मारली. मग "मॅडम!" म्हणून ओरडली. खाली मॅडमचे हात हलताना दिसले, तोंड उघडताना दिसलं. आवाज आला नाही.

मग तिने सगळा श्वास एकवटला. "ठेवलं हो! येऊ का?"

आजही, असं सांगतात, ही हाक आली की वाडीत हातातलं काम सोडून माणूस दारात येतं, आणि एकाची ओ दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. त्या दुपारीही दारादारात माणसं उभी राहिली. उभीच राहिली. वरून ती बोटाएवढी दिसत होती, आणि जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीमागचा गार दगड तिला जाणवत होता.

"ठेवलं हो!" आवाज चिरकला. "येऊ का?"

भागाबाई सूप खाली टाकून अंगणात आली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ये गं!" कड्यावर आवाज आदळला. "ये बाई, घरी ये!"