शेवाळवालीची विहीर

न्हाई, येडी नव्हती ती. तिच्याच विहिरीच्या काठावर बसून तिला येडी म्हननाऱ्यानं आधी हातातला तांब्या खाली ठिवावा, मग त्वांड उघडावं. कुनाचं पानी पितोय ते तरी ठावं हाय का त्याला?

तर ऐका. डोंगराच्या कुशीत एक गाव हुतं, आनि त्या गावात गोजराबाई नावाची एक बाई हुती. शाळा तिनं बाहेरनंच बघितलेली. पन शेवाळाचा तिला भारी नाद. मेलेल्या सासऱ्याच्या चष्म्याची एक काच घिऊन ती खडकावर पालथी पडायची. दिसंल त्या शेवाळाला नाव द्यायची. ही बेडकाची गादी, ती मांजराची शेपूट. चिमूटभर काढून जुन्या पंचांगाच्या पानात दाबून ठिवायची. लेकीच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकली, आनि खाली लिवायची, कंचा दगड, कंचा म्हैना. गाव दात काढायचं. "गोजरे, आज कालवन शेवाळाचंच का?"

एका साली गावचा आड आटला. बायका कोसभरावरनं पानी आनायला लागल्या. नवी विहीर खांदायची ठरली, म्हनून पाटलानं भुईतलं पानी सांगनारा पानाड्या बोलावला. त्यो तळहातावर नारळ आडवा ठिऊन चालला, आनि नारळ उभा राहिला त्यो नेमका पाटलाच्या मळ्याच्या बांधाला. गोजराबाई म्हनली, हितं न्हाई. वढ्याकडच्या काळ्या खडकावर बेडकाची गादी चैतातबी हिरवीगार असती, आठ वर्सं बघतीय. खाली वल असल्याबिगर ती उन्हाळ्यात तग धरत न्हाई. समदी हसली. बांधाला वीस हात खांदलं. धोंडा लागला, पानी न्हाई.

मग पाटील गुमान तिच्या दारात आला.

"गोजरे, तू म्हंतीस तितं खांदू. पन चावडीवर सांग, नारळ दुसऱ्या खेपंला तितं उभा राहिला म्हनून. बाईच्या शेवाळावर गावानं विहीर खांदली म्हनल्यावर माझी काय पत राहिली?"

आत तिची लेक उन्हातनं घागरी वाहून तापानं फनफनत पडलेली. एक व्हय म्हनलं की दाराशी पानी. गोजराबाईनं लेकीकडं बघितलं. मग त्या पंचांगाकडं बघितलं.

"जागा न्या, पाटील, फुकट न्या. पन नारळाची खोटी साक्ष मी देनार न्हाई."

पाटील ताडकन उठला. खांदायचंच बंद केलं त्यानं. गाव तहानलं तरी चालंल, पन बाईचं ऐकायचं न्हाई.

दुसऱ्या दिशी ती टिकाव घिऊन एकलीच खडकाच्या बुडाला गेली. दोन दिस एकलीच खांदत हुती. तिसऱ्या दिशी कोसभर निघालेल्या बायकांनी घागरी कोरड्या वढ्यात उपड्या ठिवल्या आनि माती उपसायला पाट्या उचलल्या. आठव्या दिशी बापय आले, लाजंनं. चौदाव्या हाताला पानी लागलं.

आनि विहिरीवर दगड कुनाच्या नावाचा बसला? पाटलाचा. खाली बारक्या अक्षरात पानाड्याचं नाव. गोजराबाईनं दगड वाचला, घागर भरली आनि लेकीला पानी पाजाय घरला गेली. ती भांडली न्हाई, त्यो तिचा मोठेपना. गाव गप बसलं, त्यो मोठेपना नव्हं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या नजरंनं पानी गावलं, त्याचं नाव गिळून पानी पिनारा तहानलेला नसतो, चोर असतो.

त्यो दगड अजून तितंच हाय. उद्या सकाळी छिन्नी घिऊन या. पाटलाचं नाव खरवडा, गोजराबाईचं घाला. मग घागर बुडवा.