वाकलेल्या सुरीची चौकशी

विषय : पाणी देताना पाते वाकल्याबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन की, अवजारांना वाचा होती त्या काळी एका लोहाराने लालबुंद सुरी पाण्यात बुडवली आणि ती वाकडी होऊन बाहेर आली.

हातोडा म्हणाला, "अगं, ऊब आहे तोवर ऐरणीवर ये. दोन ठोक्यांत सरळ करतो. गार झालीस की ठोक्यानं मोडशील."

"ठोके मी का खाऊ? आधी चूक कुणाची ते ठरू दे. सांडशीबाईंनी मला तिरकी बुडवली."

"मी सरळच धरली होती," सांडशी म्हणाली. "तूच अंग चोरलंस!"

सुरीने रीतसर चौकशी मांडली. सांडशीचा जबाब घेतला, पाण्याचा घेतला, राखेचाही घेतला. अखेर सुरी पूर्णपणे निर्दोष असल्याचा निर्णय सुरीनेच दिला आणि ती ऐटीत ऐरणीवर आडवी झाली. टणकन आवाज आला. हातोडा मागे सरला.

"गार झालीस, बाई. आता माझी हिंमत नाही."

सुरीने आपल्या पाठीकडे पाहिले आणि तिला हसू आले. "निर्दोष आहे, पण वाकडी. शाबास माझी!"

पुन्हा तापवून मऊ करावे, असा अर्ज तिने भट्टीकडे केला आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.