सुईणीची पट्टी

फार पूर्वी दोन वैरी राज्यांच्या सीमेवर एक दरवाजा होता. त्यातून ना व्यापारी जाई, ना सोयरा. दोन्हीकडच्या राजांनी परवाना दिला होता तो फक्त अडलेल्या बाळंतिणीकडे निघालेल्या सुईणीला.

अलीकडच्या गावात अशी एक सुईण होती. तिची एकुलती लेक बाळंतपणातच गेली होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. पण बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठे.

एकदा पलीकडून निरोप आला. पहिलटकरीण कालपासून अडली होती. सुईण धावतपळत दरवाजाशी पोहोचली, तर किल्लेदार आडवा आला.

"येताना त्यांच्या तोफा मोजून आण. नाहीतर परवाना रद्द."

"मला बाळाची बोटं मोजायची सवय, सरकार. वीस भरली की झालं."

"थट्टा नको. डोळे आहेत ना? दिसेल ते येऊन सांगायचं."

सुईण पेचात पडली. तोफा मोजल्या तर पलीकडे पुन्हा कुणी तिला घरात घेणार नाही; नाही म्हणावं तर पलीकडची पोर मरेल. तिनं लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि डोळ्यांवर घट्ट बांधला.

"घ्या, आता दिसणारच नाही. सोडा मला."

पहाऱ्यावरच्या शिपायाच्या आईचं बाळंतपण तिनंच केलं होतं. त्यानं मुकाट्यानं अडसर काढला. चारचौघांत किल्लेदाराला बाजूला व्हावं लागलं.

पलीकडच्या शिपायानं तिचा हात धरला. "मावशी, पुढं दगड आहे. आता पायरी." पट्टी सुटली ती थेट बाळंतिणीच्या उशाशी.

संध्याकाळी ती परतली. किल्लेदारानं विचारलं, "काय पाहिलंस?"

"मुलगी. नाक आजीवर गेलंय."

पुढं ती नेहमी पट्टी बांधूनच जाई. पलीकडचे म्हणत, "सोडा हो आता, आमचा विश्वास आहे."

"म्हणूनच बांधते," ती म्हणे.

बऱ्याच वर्षांनी ती तापानं अंथरुणाला खिळली आणि नेमकी किल्लेदाराची सून अडली. पलीकडे आता एक नवी सुईण होती; तिला निरोप गेला. म्हातारीच्या खाटेवरून दरवाजा दिसत असे. ती तिकडे टक लावून पडून होती.

पलीकडची सुईण आली. दरवाजाच्या उंबऱ्याशी थांबली. कुणी न सांगता तिनं कमरेला खोचलेली पट्टी काढून डोळ्यांवर बांधली.

किल्लेदारानं पुढं होऊन तिचा हात धरला. "जपा बाई, इथं पायरी आहे."

म्हातारीच्या अंगात ताप होता, तरी ती ताठ बसली.

तात्पर्य एवढंच: आपलं काम जो वैरासाठी वापरू देत नाही, तोच आपल्या देशाची मान उंच ठेवतो.