म्हाळसेचा उजवा हात

राजे पालखीतून हिंडत आणि गावं नदीच्या नावाने ओळखली जात, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका गावात रुद्राजी नावाचा माणूस राहत होता. तरुणपणी तो राजधानीच्या विद्यापीठात शिकला होता. तिथे चेंडूफळीच्या खेळात त्याच्यासारखा चेंडू टाकणारा दुसरा कुणी नव्हता. फळीवाल्याला त्याचा चेंडू दिसायचाच नाही, नुसता सूंऽ असा आवाज यायचा. पण एका मोठ्या सामन्यात खांदा दुखत असतानाही तो टाकत राहिला. त्या दिवशी सामना जिंकला आणि खांदा कायमचा गेला.

गावी परतून तो माळावर मुलांना खेळ शिकवू लागला. त्यांत म्हाळसा नावाची मुलगी होती. तिने पहिला चेंडू टाकला आणि रुद्राजीच्या अंगावर काटा आला. तोच सूंऽ आवाज! "पुन्हा टाक बरं," तो म्हणाला, आणि अंधार पडेपर्यंत म्हणतच राहिला.

जत्रेत पलीकडच्या गावाशी सामना ठरला. त्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. म्हाळसा एकेका फळीवाल्याला बाद करत गेली, तसे ढोल घुमू लागले. म्हातारी माणसं काठ्या टेकत उठून उभी राहिली. रुद्राजीला तर एका जागी थांबवेना. आता एकच फळीवाला उरला होता, पण त्यांनाही जिंकायला एकच मोठा टोला पुरणार होता.

तेवढ्यात त्याला दिसलं, म्हाळसेने खाली पडलेला चेंडू डाव्या हाताने उचलला. तो धावत मैदानात गेला.

"हात दुखतोय का गं?"

"नाही गुरुजी."

"वर कर बघू."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिने ओठ घट्ट मिटले. "एकच तर उरलाय, गुरुजी. टाकते मी."

'टाक' हा शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला. त्या मोठ्या सामन्यात त्याच्या गुरूनेही त्याला तेच सांगितलं होतं. त्याने तिच्या हातातून चेंडू काढून घेतला. "तू बस. आता गोंदा टाकेल."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" पाटील ओरडले. "जिंकलेला सामना घालवताय."

"सामना पुढच्या जत्रेतही होईल, पाटील. उजवा हात हिला एकच आहे."

गोंदाचा चेंडू सावकाश आला. फळीवाल्याने तो असा टोलवला, की चिंचेच्या शेंड्यावरून पार झाला. ढोल थांबले. परतताना रुद्राजीशी कुणी बोललं नाही.

"माझ्यामुळे हरलो," म्हाळसा रडत म्हणाली.

"हरवलं मी. तू हात शेकून घे."

दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही असं धरूनच तो माळावर गेला. पाहतो तर त्याची सगळी मुलं हजर, आणि त्यांच्यामागे पलीकडच्या गावची माणसं, आपापली पोरं घेऊन. कालचा फळीवाला धाकट्या बहिणीला पुढे करत म्हणाला, "गुरुजी, हिला तुम्हीच शिकवा. तुमच्याकडे पोर जपली जाईल."

त्या वर्षी माळ पोरांना पुरेना. आणि पुढच्या जत्रेत म्हाळसा चेंडू घेऊन उभी राहिली, तेव्हा दोन्ही गावं तिच्याच नावाचा गजर करत होती.

तात्पर्य: जिंकण्यापेक्षा जो शिष्याला जास्त जपतो, तोच खरा गुरू.